मेघावतीचं घोडदळ

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, घोडदळ उभं केलं. समोरचा माणूस माझ्या चष्म्याकडे बघतो, मग पातळाकडे बघतो, आणि गप्प होतो. मग आमचे हे मध्ये पडून खुलासा करतात, "अहो, आमचं रत्नागिरीत ड्रेपरीचं दुकान होतं." यांना माझी मजा कधी पुरी म्हणून करू द्यायची नसते.

ड्रेपरी म्हणजे पडदे विकणं नव्हे. नाटकवाल्यांना, शाळांच्या गॅदरिंगला, गावोगावच्या नमन मंडळांना आम्ही सोंगं भाड्याने द्यायचो. राजाचा मुकुट, परीचे पंख, राक्षसाचे सुळे, सगळं मिळायचं. हे गिऱ्हाईक सांभाळायचे, मी मशीन. गिऱ्हाईकही एकेक! एका राजाने मुकुट महिनाभर परत केला नाही. विचारायला माणूस पाठवला, तर मुकुटात कोंबडी अंड्यांवर बसलेली. राजाने निरोप धाडला, "वयनी, पिल्लं निघाली की लगेच आणतंय." आणलान हो, धुऊन पुसून. सोबत दोन अंडीही दिलीन.

पण असल्या गमती सांगायला बसले तर मासिकाचा अख्खा अंक संपेल. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मी उभारलेल्या घोडदळातल्या पहिल्या स्वाराकडून मीच त्याचा घोडा काढून घेतला, ती.

नमन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिमग्याच्या आगेमागे आमच्याकडे वाडीवाडीत हा खेळ होतो. आधी देवांना नमन, मग गौळण, आणि शेवटी वग. वग बहुतेक काल्पनिक असतो, म्हणजे कुठल्याही नकाशात नसलेलं राज्य, कुठल्याही पोथीत नसलेला राजा. साल अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर देवरूखच्या बाजूच्या एका डोंगरवाडीतले गुरुजी दुकानात आले. तिथल्या शाळेत शिकवायचे आणि मंडळाचा वग लिहायचे. माणूस किडकिडीत, बोलताना नजर कायम छताकडे.

"वहिनी, औंदा मेघावतीला घोडा हवाय."

"मेघावती कोण?"

"नगरी आहे. ढगांच्या वर. तिथे पाऊस खालून वर पडतो. तिथल्या राजाला आजवर पायीच लढावं लागलंय हो."

हे त्यांनी अशा काळजीच्या सुरात सांगितलं की मला त्या राजाची दया आली. मी हो म्हणून बसले.

आता रत्नागिरीत घोडा कुठला? लग्नाच्या वरातीत दिसायचा तेवढाच, तोही घाटावरून आलेला पाहुणा. मी जवळून बघितलेली मोठी जनावरं म्हणजे गाय आणि म्हैस. मी कळकाच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, वर गोणपाट ताणलं, रद्दीच्या लगद्याचं तोंड केलं, सुंभ काळं रंगवून आयाळ लावली. मधे भोक. त्या भोकात माणसाने उभं राहायचं, सांगाडा कमरेला बांधायचा, की कमरेच्या वर स्वार आणि खाली घोडा. म्हणजे घोड्याचे पाय ते माणसाचेच पाय. एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मीच ती विसरले.

घोडा न्यायला आला तो गंगाराम. चिरेखाणीवर चिरे काढायचा. पंचेचाळिशीचा, बुटका, अंगभर तांबडी धूळ, आणि टाचांना अशा भेगा की त्यात चवलीचं नाणं सहज राहावं. घोडा बघून तो पोट धरून हसला.

"जल्ला मेला, वयनी, ही तर गाय!"

मला राग आला. "गाय तर गाय. घालून तर बघा."

त्याने घोडा कमरेला बांधला, पायात चाळ बांधले, आणि दुकानासमोर रस्त्याच्या कडेने चार पावलं टाकली. तेवढ्यात मागून रिक्षा आली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि माझी गोणपाटाची गाय बुजली. अंग चोरलं, मागचा भाग झटकन वळला, एक पाय अधांतरी थरथरला, मग खूर आपटावा तसा खाली आला. रिक्षावाला रिक्षा थांबवून विचारतो, "ओ, चावत नाय ना?"

गंगाराम तरुणपणी दोन वर्षं कोल्हापूरला टांग्याच्या अड्ड्यावर कामाला होता. घोडा त्याने डोळ्यांनी नाही, पायांनी पाठ केला होता.

पहिल्या खेळाला वाडीतली पोरं "गाय आली, गाय आली" म्हणून ओरडली खरी. गुरुजी काही कमी नव्हते. पुढच्या वर्षीच्या वगात त्यांनी लिहून टाकलं की मेघावतीचे घोडे कामधेनूच्या पोटचे, म्हणून तोंडावळा आजोळचा. तेव्हा मला कळलं की दुकानात माझं काही चुकलं की मेघावतीचा इतिहास पुढे सरकतो.

आणि तसंच होत गेलं. वर्षभराने गंगाराम कंबर दाखवायला आला. कामट्यांनी साल काढली होती. "ह्यो घोडा हाय का करवत?" मग मी जुनी दुलई फाडून कापसाची गादी शिवली आणि सांगाड्याच्या कडेने फिरवली. गुरुजींनी वगात घातलं की सेनापती लढाईहून सोलवटून आला, तेव्हा राणीने आपला शालू फाडून जगातलं पहिलं खोगीर शिवलं. ती राणी म्हणजे मी हो! दुलईचा शालू झाला, एवढाच काय तो फरक.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. हे आतल्या खोलीत आडवे व्हायचे. गुरुजी शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने यायचे आणि माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसून मेघावतीचं बोलायचे. तिथल्या घोड्यांना दव पाजतात, तिथले स्वार झोपेत लगाम सोडत नाहीत, शत्रू अग्निपूरचा आणि त्याचं सैन्य जळत्या गवतासारखं चालून येतं. मशीनच्या आवाजात ते सगळं मला दिसायचं. शिवता शिवता मान वर केली की समोरचा रस्ता, बँक, रसाचं दुकान काही नसायचं. नुसता कातळ, त्यावर उतरलेला ढग, आणि ढगातून एकामागून एक बाहेर येणारे घोडे. मला दोन मुलं आहेत, संसार आहे, पण खरं सांगते, त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी कधीच नव्हते.

रिकीब आली ती तिसऱ्या वर्षी, आणि एका भलत्याच गिऱ्हाइकाने आणली. वरातीचा घोडेवाला होता, कोल्हापूरकडचा. घोड्याची झूल फाटली म्हणून शिवायला आला आणि घोडा दुकानाच्या खांबाला बांधला. आत आला तर कोपऱ्यात माझा घोडा.

"काय वो बाई, हे कसलं जनावर म्हणायचं?"

"मेघावतीचा घोडा आहे. लढाईचा."

"लढाईचा? आन् रिकीब कुटाय? पाय टेकायला काय न्हाई, तर भाला मारताना स्वारच मागं उलथा पडंल की!"

मग त्याने मला कापड मोजायचा गज हातात घेऊन समजावून सांगितलं. रिकिबीत पाय रोवले की घोड्याचा सगळा जोर भाल्याच्या टोकाला जातो. नाहीतर घोडा नुसता पोचवायला, लढायला नाही. मी ऐकत राहिले. जाताना म्हणाला, "हात लावून बघा की, काय करत न्हाई." मी बाहेर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या गालाला हात लावला. ऊन होता, मऊ होता, आणि त्याने माझ्या तळहातावर लांब श्वास सोडला. दिवसभर मी तो हात कशाला लावला नाही. आमच्या ह्यांना वाटलं हात भाजला.

त्या वर्षी आमच्या स्वाराला रिकीब मिळाली. दोन्ही बाजूंना भुसा भरलेले खोटे पाय, त्यांत बूट, आणि बूट पत्र्याच्या कड्यांत. मेघावतीत भालेकरी जन्माला आले. एकाचे पाच झाले. पुढे गंगाराम, मागे चार तरणे गडी. तालमीला तो त्यांना एकच सांगायचा, "वर बगू नुको. पाय ऐक."

मग चिलखत. बंदरावरचे हसनभाई आमचे जुने शेजारी, जाळी विणायचे. त्यांच्याकडून मोडीतली जाळी आणली, दोन पदरी करून चंदेरी रंग मारला. लांबून बघाल तर लोखंडी कड्यांचं अस्सल चिलखत! हसनभाई म्हणाले, "वैनी, हिने आता मासे धरायचे नाय, राजे धरायचे." फक्त कितीही धुतलं तरी वास जाईना. पहिल्या खेळाला पाच स्वारांच्या मागून सात मांजरं रंगमंचावर आली. गुरुजींनी तीही मेघावतीच्या सैन्यात घेतली असती, मीच हात जोडले.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढे माझं डोकं फिरलं.

दोन हजार पाच साली रत्नागिरीत नाट्यगृहात नमनांची स्पर्धा ठरली. दिवसा, दिव्यांच्या झोतात, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर. वाडीच्या अंगणात दिसत नाही ते तिथे दिसणार. गुरुजींनी वग लिहिला 'वज्रस्वार'. मेघावतीचे घोडेसुद्धा नखशिखान्त पोलादात. घोड्याच्या चिलखताला पाखर म्हणतात. ती मी करायला घेतली. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं ठोकून सपाट केली आणि जाड कॅनव्हासवर खवल्यांसारखी एकावर एक शिवली. चार महिने शिवत होते. सुया मोडल्या, बोटं सुजली. गंगारामच्या घोड्याची पाखर मी पार जमिनीपर्यंत सोडली.

का सोडली ते सांगायला हवं. मला त्या पायांची लाज वाटत होती. एवढा चंदेरी घोडा, आणि खाली काय, तर खाणकामगाराचे तांबडे, भेगाळलेले अनवाणी पाय! मला वाटलं, ते झाकले की घोडा खरा होईल.

मापाला गंगाराम आला. आता पन्नाशी ओलांडलेली, उजवा गुडघा धरायला लागलेला. पाखर अंगावर चढवली तेव्हा तो थोडा खचला, मग सरळ झाला. दोन पावलं टाकून थांबला.

"वयनी, पाय गेलं."

"गेले कुठे? आहेत की आत."

"माजं हायेत. घोड्याचं गेलं." मग हळूच म्हणाला, "वायच वर घ्या. गुडघ्यावरी. मुर्दुंगवाला माज्या पायाकडं बगून वाजवतो."

चार महिन्यांचं शिवण कापायचं? माझा तोल गेला. म्हटलं, "लोक काय तुमच्या भेगा बघायला येतात का गंगारामभाऊ?"

त्याने खाली बघितलान, पाखर सोडलीन, नीट घडी घातलीन, आणि चपला घालून गेला. घोडा वजनाला किती झालाय हेही मी त्याला सांगितलं नाही. मी तोलून बघितला होता. आधीच्या तिप्पट भरला होता.

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा वर गेला आणि वज्रस्वार आले. दिव्यांखाली बुचं अशी चमकली की सगळं नाट्यगृह "हाऽऽ" करून उठलं. टाळ्या पडल्या त्या माझ्यासाठी. गुरुजी विंगेत डोळे पुसत होते. तो क्षण मी किती वर्षं स्वप्नात बघितला होता, आणि तो हुबेहूब तसाच आला. फक्त घोडा चालेना. सरकत होता, कपाट ढकलावं तसा. चाळांचा आवाज कॅनव्हासखाली गुदमरला. मृदंगवाला मान लांब करून पाय शोधत होता. सापडेनात, तेव्हा त्याने अंदाजाने ठेका धरला आणि वेग वाढवला. लढाईला तोंड लागलं. गंगारामने गिरकी घेतली, पाखरीचा काठ पायाखाली आला, गुडघा दुमडला, आणि तो सगळ्या पोलादासकट खाली आला. बुचांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मागचे चार भालेकरी भाले तसेच धरून उभे. कुणीतरी पडदा पाडला.

चार दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. गंगारामच्या गुडघ्याला मार लागला होता. वाडीत बोललं जात होतं की म्हाताऱ्याने घोडा सोडायला हवा होता. अध्यक्ष भला माणूस. त्याने मला सरळ विचारलं, "वयनी, खरं सांगा, घोडा जड झाला हुता काय?"

आणि मी म्हणाले, "छे हो. होता तेवढाच आहे."

एवढंच वाक्य. घोडा दिनेशला, मागच्या चारांतल्या एका तरण्याला मिळाला. गंगारामला टाळ दिले, मागच्या रांगेत. त्याला माहीत होतं, मापाला तो आणि मी दोघंच होतो. तरी तो एका शब्दाने बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मीही भांडले असते आणि मोकळी झाले असते.

दोन वर्षं गेली. मेघावती माझ्याकडे येईनाशी झाली. मशीनवर बसून मान वर केली की रस्ताच दिसायचा, बँकच दिसायची. वगात वज्रस्वार सरकत यायचे, लोक बुचांना टाळ्या द्यायचे आणि चहाला उठून जायचे. एका शिमग्याला वाडीत खेळ बघायला गेले होते. मागच्या रांगेत गंगाराम टाळ वाजवत होता. वरून तोंडावर काही नाही, पण त्याचे पाय. बसल्या जागी, बोटाबोटांनी ते घोडा चालवत होते. मी उठून बाहेर आले आणि रडले.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर दुरुस्तीसाठी घोडा दुकानात आला. मी मोठी कात्री घेतली आणि पाखर गुडघ्यापर्यंत कापून काढली. बुचं घरभर उडाली. हे दारात उभे राहून म्हणाले, "अगं, चार महिने खपली होतीस." मी म्हटलं, "चार महिनेच ना?" मग ह्यांनीच घोडा बसस्टँडवर पोचवून दिलानी.

देवरूखच्या एस.टी.त मी आणि घोडा शेजारी शेजारी. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं हाफ का फुल्ल?" म्हटलं, "लढाईला चाललाय, फुलच द्या." आपली थट्टा झाली असं वाटून त्याने मला लगेजचं तिकीट दिलंन. खिडकीतून कातळावरचं गवत पिवळंधमक दिसत होतं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. खूप दिवसांनी मला वाटलं की आत्ताच तिथून कुणी घोड्यावरून गेलंय.

वाडीत देवळापुढे दुपारची तालीम चालली होती. अध्यक्ष होते, गुरुजी होते, दिनेश होता, मागे टाळ घेऊन गंगाराम. मी घोडा मधोमध ठेवला आणि बसायच्या आधीच बोलले, नाहीतर धीर सुटला असता.

"घोडा मीच जड केला होता. तिप्पट. गंगारामभाऊंनी मला सांगितलं होतं पाखर वर घ्या, मी घेतली नाही. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ते पडले नाहीत, मी त्यांना पाडलं."

गुरुजींची नजर छताकडे जाते, तिथे आभाळाकडे गेली. शेवटी दिनेशच उठला, घोडा उचलून गंगारामपुढे ठेवलान आणि म्हणाला, "काका, घ्या. तुमचाच हाय."

गंगारामने आयाळीवरून हात फिरवला. उठायला गेला. उजवा गुडघा अर्धाच वळला आणि तिथेच थांबला. हाताने दाबून बघितलान, पुन्हा प्रयत्न केलान. मग खाली बसला. "नाय," म्हणाला. "आता नाय व्हत." माझ्या गप्प बसण्यात गेलेली ती दोन वर्षं. तेवढ्या काळात तो गुडघा कायमचा आखडला होता. माफी मागायलासुद्धा वेळेवर यावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी रडायला लागले. तो वैतागला. "आवं, रडताय कशाला? तुमी कदी बसलाव काय ह्याच्यावर?"

"मी?"

"धा वर्सं घोडं शिवताय. कदी बसलाव?"

नव्हते बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि नमनात बायका नसतात. मी अध्यक्षांकडे बघितलं. ते म्हणाले, "तालीमच हाय ही, खेळ नव्हं."

गंगारामने बसल्या बसल्या माझ्या कमरेला घोडा बांधला. मी पदर खोचला. मग पातळ वर खोचावं लागलं, कारण पाय दिसायला हवेत. आपले जुने चाळ, जे आता दिनेशकडे असायचे, ते त्याने दिनेशकडून माझ्या पायांत बांधून घेतले. पन्नाशीला आलेली बाई मी, सगळ्या वाडीसमोर गुडघ्यापर्यंत उघडे पाय घेऊन उभी. मृदंगवाला मान वाकवून माझ्या पायांकडे बघायला लागला.

गंगाराम पुढे सरकला. त्यानेही बघितलान, अगदी निरखून. आणि मिशीत हसला.

"वयनी," म्हणाला, "भेगा तुमच्यापन टाचंना हायेत की."

कुणाला काही कळलं नाही. कळलं ते मला आणि त्याला.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय? चालवा."